चांदी म्हणते

लटारूमामा माणसांशी बोलत नाहीत. जे काही सांगायचं असेल ते चांदीला सांगतात. चांदीनं ते आपल्याला कळवलं असं धरून आपण उत्तर द्यायचं. चांदी ही त्यांची गाय आहे.

तळेगावहून आत आलं की आमचं गाव लागतं. दूध डेअरी चालवायला मिळाली म्हणून आम्ही इथं राहायला आलो आणि मामांच्या भिंतीला भिंत लागली. पहिल्याच सकाळी मामा दुधाची कॅन घेऊन दारात उभे. पाठीमागे पांढरीफेक, हाडकुळी, एक शिंग खाली वळलेली चांदी. कॅनमधलं दूध गोठ्यातल्या दुसऱ्या गाईंचं; चांदी आटून किती वर्षं झाली होती कुणास ठाऊक, पण नवरीमागे करवली असते तशी ती मामांच्या मागे सगळीकडे असायची. मी मशीन लावलं. फॅट कमी आली. मामांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मान वळवून म्हणाले, "सांग वं चांदी या बाईले, आपल्या दुधात पानी नसते म्हणा."

मी म्हटलं, मामा, हे मशीन सांगतंय, मी नाही. मामा शांतपणे चांदीकडे बघत राहिले. चांदीनं शेपटी हलवली.

"चांदी म्हणते, मशीन झूट बोलते."

मी नवी होते. मला वाटलं थट्टा चालली आहे, म्हणून मी हसले. दुसऱ्या दिवशीही तेच झालं, तिसऱ्या दिवशीही. मग माझं हसू आटलं आणि डोकं तापायला लागलं. माझा स्वभाव तसा तापटच आहे. समोर उभ्या असलेल्या बाईशी बोलायचं नाही आणि जनावराच्या कानात कुजबुजायचं, हा काय शिष्टपणा? घरी मी त्यांना 'कलेक्टरसाहेब' म्हणायची. कलेक्टरही लोकांशी पीएमार्फतच बोलतो.

गावाला त्याचं काही वाटत नसे. गाव सरावलं होतं. गोंधळ व्हायचा तो गावाबाहेर. एकदा बाजाराच्या दिवशी मामा तळेगावच्या बँकेत गेले. चांदीला बाहेर लिंबाला बांधलं. आतला पोरगा नागपूरकडचा, नवाच लागलेला. किती काढायचे म्हणून त्यानं विचारलं, तर मामा खिडकीतून बाहेर बघायला लागले. त्याला वाटलं, म्हाताऱ्यासोबत कोणी असेल. तो म्हणाला, बाहेर कोण असेल त्यांना आत बोलवा. मामांना हे बोलणं पटलं. ते उठले, दोर सोडला आणि चांदीला घेऊन दारापर्यंत आलेसुद्धा. गार्ड हसत हसत दारातच खाली बसला म्हणून चांदीचे पाय बँकेला लागले नाहीत.

अशा माणसावर एके दिवशी आख्ख्या गावाचं काम अडलं.

आमच्याकडे ई-क्लासचं, म्हणजे सरकारी चराईचं, मोठं रान आहे. सगळ्या गवळ्यांची गुरं तिथंच चरायची. चरून चरून ते रान बोडकं झालं होतं. गवताच्या जागी तरोटा आणि काटेरी झुडपं. रानाच्या उताराला तलाव आहे, तो बेशरमाच्या झुडपांनी इतका भरला होता की पाणी शोधावं लागे. उन्हाळा लागला की चारा संपायचा, मग घरोघरी दलाल यायचा आणि एकेक जनावर दावणीतून कमी व्हायचं.

वर्ध्याच्या एका संस्थेच्या वैशालीताई इथं पाखरांसाठी यायच्या. चंडोल आणि टिटव्या जमिनीवर घरटी करतात आणि ती गुरांच्या खुरांखाली जातात, याचं त्यांना फार दुःख. गवळ्यांचं म्हणणं, टिटवीची एवढी काळजी, मग आमच्या गाईची कोणी करायची? यावर बरीच भांडणं झाली. शेवटी ताईंनीच एक तोडगा काढला. दोन पावसाळे रान चराईला बंद ठेवायचं. गवत बी धरेपर्यंत वाढू द्यायचं आणि दिवाळीनंतर विळ्यानं कापून घरोघरी भारे वाटून घ्यायचे. थोडं बियाण्यासाठी राखायचं. सगळ्यांनी मिळून तलावातलं बेशरम उपटायचं, गाळ काढायचा. म्हणजे पाखरांची घरटी वाचतील आणि गुरांचं पोटही भरेल.

अट एकच होती. सगळ्यांनी हो म्हणायला हवं. एकाचं गुरांचं खांड रानात शिरलं की दुसऱ्याचं कसं थांबवणार?

सगळे हो म्हणाले. लटारूमामा म्हणाले नाहीत.

ग्रामपंचायतीच्या आवारात बैठक होती. मामा चांदीला घेऊन आले होते. ताईंनी विचारलं, मामा, तुमची हरकत काय आहे? मामांनी चांदीच्या पाठीवरून हात फिरवला.

"चांदी म्हणते, रान बंद झालं त मले कोन पोसन?"

बैठक खो खो हसली. मला मात्र त्यांच्या गोठ्यातलं ठाऊक होतं. दर उन्हाळ्यात मामा एखादी कालवड, एखादा गोऱ्हा विकायचे आणि दलाल दर वेळी चांदीकडे बोट दाखवायचा. दूध नाही, वासरू नाही, ही म्हातारी कशाला पोसता? मामा दुसरंच जनावर काढून द्यायचे. आता काढून द्यायला फारसं उरलं नव्हतं. रान बंद झालं आणि चारा पुरला नाही, तर चांदीच जाणार होती.

ताई हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची उचलली, चांदीच्या पुढ्यात ठेवली आणि तिच्याशी बोलायला लागल्या. अगदी सावकाश, समजावून. पहिला भारा तुमच्या घरी येईल. तलावावर पाणी प्यायला जायची वाट मोकळी ठेवू, तिथं तार लावणार नाही. चालेल का, चांदीबाई?

मामांनी चांदीच्या तोंडाजवळ कान नेला. बराच वेळ तसेच उभे राहिले. सरपंचांनी मध्ये घड्याळ बघितलं.

"चांदी म्हणते, चालन."

त्यानंतर मामांसारखा राखणदार गावाला मिळाला नाही. कोणाची शेळी तारेखालून घुसली की मामा तिच्या मालकाच्या दारात हजर, आणि चांदीच्या तोंडून त्याची खरडपट्टी. ताई आल्या की दोघं बांधावरून फिरायचे, मध्ये चांदी. कुठं पवन्याचं गवत फुटलं, कुठं मारवेल धरला, बेशरम पुन्हा कुठं डोकं काढतंय, सगळी चर्चा चांदीमार्फत. पुढे पुढे ताईही मला फोनवर सांगायच्या, गुरुवारी येतेय, चांदीला कळवा. मी कपाळावर हात मारून घ्यायची. ताई स्वतःही काही कमी नव्हत्या. बियाण्याच्या गवताची गंजी त्यांनी तलावाच्या काठी रचून घेतली होती, वर ताडपत्री. पुढच्या पावसाळ्यात पलीकडची उघडी टेकडी त्या बियांनी झाकायची होती. त्या गंजीला कोणी हात लावलेला त्यांना खपायचा नाही. एकदा सरपंच जरासे टेकले, तर ताईंनी त्यांना सगळ्यांदेखत उठवलं.

दुसरा उन्हाळा आला तेव्हा घरोघरी चारा शिल्लक होता. दलाल आला, चहा प्यायला आणि रिकाम्या गाडीनं परत गेला. त्या दिवशी मला इतकं हलकं वाटलं की मी मामांच्या दुधाची फॅट मशीनकडे न बघताच चांगली सांगून टाकली.

आणि ऐन वैशाखात चांदी तलावात रुतली.

पाणी मागे हटलं होतं. गाळ काढलेल्या भागात वरून कोरडं दिसायचं, खाली सगळा चिखल. चांदी पाण्याच्या आशेनं पुढे गेली आणि पोटापर्यंत खाली गेली. निरोप आला तशी मी डेअरीला कुलूप लावून धावले. काठावर अर्धं गाव जमलं होतं. त्या दिवशी ताईही पाखरं मोजायला आल्या होत्या. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मामा कमरेइतक्या चिखलात, चांदीच्या गळ्यात हात टाकून, तिच्या कानाशी तोंड लावून सारखं काहीतरी बोलत होते.

मला वाटलं, निरोप घेताहेत. सगळ्यांनाच तसं वाटलं. बाया पदर डोळ्यांना लावायला लागल्या. अशा वेळी मध्ये कसं बोलायचं म्हणून कोणी पुढे होईना. मागे एक तरणा गवळी धुसफुसत होता. हे खोदलं कोणी? म्हातारी मेली तर तारा आजच तोडतो म्हणाला, आणि दोघा-तिघांनी माना डोलावल्या. ताईंनी ते ऐकलं.

मामांचं कानात बोलणं काही थांबेना. चांदी आणखी वीतभर खाली गेली. मग मामांनी डोकं वर केलं.

"अरे, कव्हाचा सांगून राह्यलो हिले. दोर आना म्हणा, पायाखाली कायतरी टाका म्हणा. हे काई सांगूनच नाई राह्यली तुमाले."

एवढं बोलून ते थांबले. आपण कोणाशी बोललो, ते बहुधा त्यांच्या तेव्हा लक्षात आलं. एकेकाच्या तोंडाकडे बघत ते हळूच म्हणाले, "आना नं, बापहो."

मग काय विचारता. दोर आले, खाटा आल्या. पण खाट टाकली की चिखल ती गिळायचा. तेवढ्यात ताई गंजीकडे धावल्या. त्यांनी आपल्या हातानं ताडपत्री ओढून फेकली.

"टाका," त्या म्हणाल्या. "सगळं टाका."

भारे हातोहात चिखलात गेले. जो तारा तोडणार होता, तोच सगळ्यांच्या पुढे होता. मामांनी एकेक भारा चांदीच्या पोटाखाली, पायांखाली सारला. दोर ओढले. पहिल्यांदा नुसता आवाज आला, मग पुढचे पाय निघाले, मग सगळी चांदी निघाली. काठावर येऊन तिनं जे अंग झटकलं, ते सरपंचांच्या पांढऱ्या शर्टावर. इतका वेळ श्वास धरून उभं असलेलं गाव तेव्हा हसलं. त्या तरण्या गवळ्यानं ताईंना विचारलं, आता तुमच्या टेकडीला बियाणं कुठलं? ताई म्हणाल्या, बघू. तो म्हणाला, बघायचं काय त्यात, आमच्या घरच्या भाऱ्यांत बी हाय नं.

संध्याकाळी मी कणकेचे गोळे घेऊन मामांच्या अंगणात गेले. चांदी धुऊन-पुसून बसली होती. मी सवयीनं तिलाच विचारलं, काय चांदीबाई, कसं आहे?

"बरी हाय," मामा म्हणाले. "बस."

मी बसले. मामा चांदीचे पाय चोळत होते. मग खाली बघतच बोलायला लागले.

"यमुना होती तवा तीच बोले. बाजारात, सोयऱ्याधायऱ्यात, सगळीकडं. मी तिच्या मागं उभा राहो. मले बोलाचं कामच नाई पडलं कधी. ते गेली. लोकं भेटाले आले, माह्या तोंडाकडं पाहे. मले काई सुचेच नाई. हे तिच्या माहेरची गाय. म्हणलं, हिच्या आडून बोलून पाहू."

मी आयुष्यात इतकी खजील झाले नसेन. ज्याला शिष्टपणा म्हणत होते, तो नुसता बुजरेपणा होता, आणि आमच्यामध्ये एका भिंतीशिवाय काही नव्हतं.

मी उठणार, तोच मामा म्हणाले, "शीला."

त्यांना माझं नाव माहीत आहे, हे मला माहीत नव्हतं.

"तुह्याशी एक बोलाचं राहून गेलं. तुह्या माहेरी, आंजीले, तुहे बाबा वारले नं. फोन आला तवा तू परसात जाऊन रडत होती. मी भिंतीच्या इकडंच होतो. यावं वाटलं. काय म्हनावं, समजलं नाई. लई वाईट झालं, माय."

बाबांना जाऊन तीन वर्षं झाली होती. दिवस उरकले, मी परत आले, डेअरी उघडली. या गावात माझ्या बाबांना ओळखत होतं कोण? त्यांचं नाव काढायला कोणाला कारणच नव्हतं, आणि मलाही वाटलं होतं की माझं रडून झालं आहे.

"हो मामा, लई वाईट झालं," मी म्हटलं, आणि तिथंच ओट्यावर बसून मोठ्यानं रडले.

मामांनी मला रडू दिलं. मग आतून पाण्याचा गडवा आणून माझ्यापुढे ठेवला आणि जरा अंतर राखून बसले.

"काय नाव होतं बाबाचं?" त्यांनी विचारलं.

मी नाव सांगितलं. मग बाबा कसे होते, काय काय करायचे, ते दिवेलागणीपर्यंत सांगत बसले.