लखमीबायचा धनी

लखमीबायच्या घरी चहा हवा असेल, तर ओसरीवरच्या रिकाम्या खाटेला आधी रामराम करावा लागे. खाटेवर तिचा धनी बसलेला असे, निदान ती तसं म्हणायची. धनी गुजरातच्या बोटीवर खलाशी म्हणून गेला होता. बोट परत आली, तो आला नाही.

मी कैनाडला तिच्या शेजारी राहतो आणि डहाणू रोडला मोबाइल दुरुस्त करतो. म्हणजे भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यातला नव्हे. तरी कामाला निघताना खाटेकडे बघून ‘येतो काका’ म्हणायचो. एकदा विसरलो. संध्याकाळी ती म्हणाली, ‘‘तो इचारत होता, पोर रागावलाय का.’’ त्यानंतर कधी विसरलो नाही.

खाटेच्या कडेला ती बिडी पेटवून ठेवायची. बिडी आपली जळत जायची. मध्येच ती कान देऊन ऐकायची आणि हसायची. ‘‘कायबी बोलतो,’’ म्हणायची.

हे वेड नाही, हे सगळा पाडा जाणून होता. लखमीबाय धवलेरी, म्हणजे गाण्यातून लग्न लावणारी. तिचं गाणं पुरं झाल्याशिवाय आमच्याकडे लग्न लागत नाही. आणि आमच्या पाड्याची रीत अशी, की धवलेरीचा नवरा जिवंत हवा. म्हणून तिनं त्याला मरू दिलं नव्हतं.

गाणं सोडायची तिची तयारीच नव्हती. जुन्या गाण्यात तिनं स्वतःच्या ओळी घुसवल्या होत्या:

‘नवरीला इचारा गो, मन हाय का?
नवरीला इचारा गो, वय भरलं का?’

एवढं गाऊन ती गप्प बसायची. नवरी स्वतःच्या तोंडानं हो म्हणेपर्यंत पुढची ओळ नाही. जेवणं खोळंबत, तारपा फुंकून नाचवणारा जांभया देत बसे. एका मांडवात नववीतल्या पोरीनं ‘नाय’ म्हटलं आणि वऱ्हाड तलासरीला परत गेलं. पोर पुन्हा शाळेत जाऊ लागली.

पोरीचा बाप लाडक्या खवळला. म्हातारीचं सोंग उघडं पाडतो म्हणून भरदुपारी तिच्या ओसरीवर चढला आणि पांढराफटक होऊन खाली आला. ‘‘खाटेवर कोनतरी खोकला,’’ एवढंच म्हणाला. लखमीबाय तेव्हा विहिरीवर होती. कोण खोकलं मला आजही ठाऊक नाही, आणि विचारायची छाती नाही.

पुढच्या लग्नात मात्र लाडक्यानं तिला भर मांडवात गाठलं. भिंतीवर तांदळाच्या पिठानं देवीचा चौक लिहिलेला, समोर हळद लावलेली नवरी.

‘‘लखमे, तुजा धनी जिता हाय? देवीम्होरं गाऊन सांग.’’

ती थाप ठोकून देईल, असं मला वाटलं. पण लखमीबाय घरात काहीही बोलायची, गाण्यात कधी खोटं बोलली नाही. तिनं डोळे मिटले.

‘धनी माजा दर्यात राहिला गो,
दर्यानं माघारी नाय दिला.’

गाऊन झाल्यावर ती आपण होऊन धवलेरीच्या जागेवरून उठली. नवरीनं हळदीच्या हातानं तिचं लुगडं धरलं.

‘‘मला इचारल्याबिगर कुठं जातेस? बस. तूच गा.’’

लाडक्यानं बायांकडे पाहिलं. बाया तोवर तिचीच ‘नवरीला इचारा गो’ म्हणायला लागल्या होत्या. विधवेनं लावलेलं आमच्या पाड्यातलं ते पहिलं लग्न.

परतताना ती शेताच्या बांधावर मटकन बसली आणि मोठ्यानं रडू लागली. मी घाबरलो.

‘‘बाय, काय झालं?’’

‘‘धनी मेला माजा,’’ ती म्हणाली. ‘‘इतकी वर्सां रडता येत नव्हतं रे.’’

मी तिच्या शेजारी बसलो.