सुतळीचा तुरुंग

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी विद्यार्थ्यांना स्वातंत्र्याचा प्रत्यक्ष अनुभव द्यावा, असं वरून परिपत्रक आलं. कुंभार पिंपळगावच्या एका शाळेनं तो अनुभव झेंडावंदनानंतर देण्याचं ठरवलं.

नाटिका शीतलबाईंनी लिहिली. निजामाच्या तुरुंगातले सत्याग्रही, आणि शेवटी एकच वाक्य : "सुटकेसाठी आम्ही कुणाची परवानगी मागणार नाही." वाक्य बाईंच्या वडिलांचं, बद्रीनाथ गुरुजींचं. गुरुजी दर सतरा सप्टेंबरला ते वर्गात खणखणीत म्हणायचे. गुरुजी यंदा आषाढात गेले. त्यांची पांढरी टोपी आता सातवीतल्या आसिफाच्या डोक्यावर होती, पार कानांपर्यंत उतरलेली. ते वाक्य तिच्या तोंडून एकदा ऐकायचं, एवढंच बाईंना हवं होतं.

मैदानात चार बांबू रोवून भोवती सुतळी गुंडाळली, पुढं खिचडीच्या खोलीचं कुलूप लटकवलं, तुरुंग झाला. कैदी आत बसले. प्रमुख पाहुणे मात्र अजून राजूरला गणपतीच्या दर्शनाला थांबलेले.

"पाहुण्यांच्या हस्ते कुलूप उघडल्याशिवाय स्वातंत्र्य मिळणार नाही," मुख्याध्यापकांनी माइकवरून जाहीर केलं.

ऊन चढलं.

"बाई, पाणी पिऊन येऊ का?" आसिफानं विचारलं.

जेलर झालेला प्रितम खेकसला, "ए, जेलात हायेस तू! गप बस."

"तू गप! मिशी गळून राह्यली तुझी."

"कैदी उठले तर फोटोत तुरुंग रिकामा दिसेल," मुख्याध्यापक म्हणाले. "इतिहासाशी खेळ नको." पाणी जेलरला मिळालं. तो शासनाच्या बाजूचा होता.

पाहुणे आले. किल्ली हातात धरून फोटो झाला, स्वातंत्र्याच्या मोलावर भाषण झालं. कुलूप उघडायचं तेवढं राहिलं. आसिफानं आतून हात वर केला.

"सर, म्हणू का? सुटकेसाठी आम्ही कुणाची परवानगी मागणार नाही, ते?"

"पाहुणे गेल्यावर."

पाहुणे किल्ली खिशात घालून गेले. माइकवाला माइक घेऊन गेला. उत्कृष्ट अभिनयाचं बक्षीस प्रितमला मिळालं, शिस्तीचं कैद्यांना. पालकांनी टाळ्या वाजवल्या.

शीतलबाई तुरुंगापाशी गेल्या. सुतळी गुडघ्याएवढ्या उंचीवर सैल लोंबत होती.

"आसिफा, म्हण आता."

"सरांना इचारलं का, बाई?"

बाईंची मान आपोआप मुख्याध्यापकांच्या खोलीकडे वळली.

कार्यक्रमाचा व्हिडिओ जिल्हाभर फिरला. 'किती शिस्तीची लेकरं,' असंच जो तो म्हणाला. तुमच्याही मोबाइलवर आला असेल. तुम्हाला तरी सुतळी दिसली होती का?