मल्लव्वाचा बंदोबस्त आणि वारेचा शिरकाव

घर म्हटलं की बंदोबस्त आलाच, आणि गडहिंग्लजच्या मल्लव्वाच्या घराइतका चोख बंदोबस्त सरकारी तिजोरीलाही नसेल. "पावणं कुठलं? कुणातलं? काम काय?" एवढं झाल्याशिवाय उंबरा ओलांडता येत नसे. दहांतले आठ इथंच गळत. (उरलेल्यांत एक गॅसवाला. दुसरा पोटचा शशिधर. त्याचीही अधूनमधून फेरतपासणी होई.)

या शशिधरानं परजातीतली अनुजा करून आणली. मल्लव्वानं तिला घराच्या पुढच्या सोप्यापर्यंत मंजुरी दिली. स्वयंपाकघराचा अर्ज वर्षभर विचाराधीन होता. अनुजा चौकटीबाहेर बसून लसूण सोली आणि चुलीकडं बघत राही.

तिला दिवस गेले. मल्लव्वा स्वतः तिला घेऊन कोल्हापूरला डॉक्टरीणबाईंकडं गेली.

"बाळ अर्धं बापाचं," बाई म्हणाल्या. "म्हणजे आईच्या अंगाला परकंच."

मल्लव्वा खुर्चीतनं उठली. "आमच्या घरचं रक्त परकं व्हय?"

"अंगाला परकं, आज्जी. खरं तर अंगातल्या शिपाई पेशींनी त्याला हाकलायचं. पण त्याच पेशी वार, म्हणजे बाळाला पोसणारी नाळेची गादी, धरायला मदत करतात, रक्ताच्या नळ्या रुंद करून देतात. आणि त्यांचं नाव काय, तर मारेकरी पेशी!"

"नाव मारेकऱ्याचं आन् काम गवंड्याचं? मुकादम कोण त्यांच्यावर?"

"कुणीच नाही."

परतीच्या एसटीत कागल आलं तशी मल्लव्वा अनुजाकडं वळली.

"तुझ्या शिपायांनी कायबी इचारलं न्हाय? कुठलं, कुणातलं?"

"न्हाय, आत्याबाई."

"वर वाट रुंद करून दिली?"

"व्हय की."

"लईच ढिला कारभार हाय तुझा."

पण निपाणीच्या पुढं तिची नजर अनुजाच्या पोटावर गेली. त्यांच्या मालकिणीला आपण वर्षभर चौकटीबाहेर बसवलंय, ही खबर त्या मारेकऱ्यांना लागली तर? आत बसलंय ते मल्लव्वाचंच रक्त. त्यांनीही चौकशी लावली तर?

दुसऱ्या दिवशी सकाळी अनुजाच्या हाती चूल आली. दुपारी गवंडी आला आणि स्वयंपाकघराची चौकट हातभर रुंद झाली. शेजारणींनी कारण विचारलं. "नळ्या मोठ्या केल्या," मल्लव्वा म्हणाली. "त्यांनी केल्यात, आपुन मागं ऱ्हायचं व्हय?"

वार उत्तम धरली. गल्लीनं मल्लव्वाचं कौतुक केलं, आपणही करावं.

(मात्र अनुजा नेमकी कुणातली, हे इथं मुद्दाम लिहिलेलं नाही. तुम्ही ते वाचता वाचता दोनदा शोधलंत. तुमचाही बंदोबस्त चोख आहे.)