थोरले साडू आणि उपाशी सूचनापेटी

"या इमारतीत असा एकही माणूस नाही, ज्याच्या मनातलं मला कळत नाही!" असं म्हणून थोरले साडू खुर्चीत रेलले.

खुर्ची धाकट्या साडूंची होती. ते शेजारीच उभे होते, आणि त्यांच्या मनातलं थोरल्यांना अजून कळायचं होतं.

थोरले स्टेशनरीच्या कोठाराचे कारकून, धाकटे आवक-जावकचे. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. थोरल्यांनी एके सकाळी स्वतःला गुप्तहेर नेमलं, धाकट्यांना सहायक आणि धाकट्यांच्या खुर्चीला तपासकेंद्र. धाकट्यांनी हरकत घेतली असती, पण ती हरकत संध्याकाळच्या आत सासुरवाडीला पोहोचली असती.

प्रकरण गंभीर होतं. 'इथे प्रत्येकाला आवाज आहे' असं जाहीर करून साहेबांनी सूचनापेटी आणली होती. पेटी उघडावी तर रिकामी. शेवटी साहेब म्हणाले, "आज संध्याकाळपर्यंत चिठ्ठी निघाली नाही, तर सगळे समाधानी आहेत असं मी वर कळवतो आणि पेटी बंद करतो."

"समाधानी? या पंख्याखाली?" थोरले उसळले. "धाकटे, ही चिठ्ठ्यांची चोरी आहे!"

ते साहेबांच्या खास परवानगीने भिंग घेऊन वरच्या मजल्यावर गेले आणि पेटी हुंगून आले. धाकटे दाराबाहेर त्यांची छत्री धरून उभे.

"कसर लागली आहे," थोरले म्हणाले. "कागद खाते."

"मग थोडा भुसा राहिला असता," धाकटे म्हणाले.

"भुसाही खाते. नाहीतर सगळ्यांनी अदृश्य शाईने लिहिलंय."

"पण कागद तरी दिसला असता ना, साडूसाहेब?"

"सहायकाने मधे बोलू नये."

पहिली संशयित म्हणजे तळमजल्यावरच्या टपालाच्या बाई. त्या काठी घेऊन चालत. जेवणाची खोली वर, आणि लिफ्टला कुलूप. किल्ली फक्त अधिकाऱ्यांकडे. त्यामुळे सगळ्या मैत्रिणी वर हसत-खिदळत जेवत, आणि बाई खाली पार्सलांच्या ढिगाशेजारी एकट्याच डबा उघडत.

"बाई, पेटीत काय टाकलंत?"

"काही नाही. पेटी आहे कुठे?"

"प्रश्न मी विचारतो!"

"विचारा की. पण लिहिलेली चिठ्ठी पर्समध्ये मळून गेली हो. पेटी कुठे आहे?"

"टाळाटाळ," थोरले धाकट्यांच्या कानात कुजबुजले. "लिहून घ्या."

संध्याकाळी थोरल्यांनी सगळ्यांना खालच्या दालनात जमवलं. तपासकेंद्रही आणवलं, धाकट्यांनी ते डोक्यावरून आणलं. पुरावा म्हणून साहेब स्वतः पेटी बगलेत मारून लिफ्टने उतरले.

"मित्रहो, चोर याच दालनात..." थोरल्यांनी भिंग उचललं.

तेवढ्यात काठीचा टकटक आवाज आला. बाई शांतपणे पुढे आल्या आणि पेटीत चिठ्ठी टाकून बाजूला झाल्या. त्यांच्यामागे टंकलेखकबाई, त्यांच्यामागे पहारेकरी. बघता बघता रांग लागली.

"ही असते कुठे, साहेब?" बाईंनी विचारलं.

"माझ्या केबिनमध्ये, खुर्चीमागच्या कपाटात. सुरक्षित!"

"तिथे यायचं तर?"

"परवानगी लागते. अर्ज करायचा."

"तो कुठे द्यायचा?"

साहेबांनी पेटीकडे पाहिलं. "पेटीत," ते हळूच म्हणाले.

कोणी हसलं नाही, सगळ्यांनाच खोकला आला. साहेबांनी पेटी उघडून बाईंची चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली. मग जुडग्यातली लिफ्टची किल्ली काढून ती पहारेकऱ्याला दिली. "कुलूप काढा. परत लावू नका."

"उद्या माझ्या शेजारी बसायचं हं, बाई!" टंकलेखकबाई मागून ओरडल्या.

"पेटी खाली आणवणं हाच माझा डाव होता," थोरले तपासकेंद्रात बसून घाम पुसत म्हणाले. बाकीच्या चिठ्ठ्याही वाचून झाल्या, तळाशी एक उरली होती. त्यांनी तिच्यावर भिंग धरलं. "निनावी! 'माझी खुर्ची बळकावली गेली आहे.' बघा! दुसरा गुन्हा! हा खुर्चीचोर मी बसल्या जागी पकडतो. धाकटे, काही सुगावा?"

धाकटे खाकरले.

"साडूसाहेब, जरा उठता का?"