हाड असलेली गाडी

सुनंदाक्काला बघायला बेळगावचे पाहुणे आले आणि मुलीचे वडीलच सापडेनात. पोहे निवत चालले होते. शेवटी मला शोधायला पाठवलं. ओढ्यात चिखल होता म्हणून पाहुण्यांनी त्यांची पांढरी मोटार पलीकडच्या काठावर ठेवली होती. त्या मोटारीखालून मला दोन पाय बाहेर आलेले दिसले. नवं धोतर गुडघ्यापर्यंत राड झालेलं.

"अप्पा, सगळे वाट बघायला लागलेत."

"थांब रे जरा," मोटारीखालून आवाज आला. "हाड शोधतोय."

हे आमचे शेजारी बाबूअप्पा. रामनगरपासून आत, जंगलात आमची वाडी. तिथं चार चाकांचं एकच वाहन होतं, ते म्हणजे अप्पांची लिलावात घेतलेली जीप. हूड फाटलेलं, दारं नव्हतीच. बाजाराच्या दिवशी माणसं, भाताची पोती आणि कोंबड्या त्यातून एकत्र जात. जीपच्या खाली ट्रकासारख्या लोखंडाच्या दोन लांब पट्ट्या असतात आणि बाकीची गाडी त्यांवर बोल्टांनी बसवलेली असते. गॅरेजवाले या पट्ट्यांच्या चौकटीला चेसी म्हणतात. अप्पा तिला हाड म्हणत. वरचं सगळं सडलं तरी चालेल, खाली हाड पाहिजे. पुढं पुढं ते कशालाही हेच विचारू लागले. शाळेच्या नव्या खोल्या बांधल्या, तेव्हा भिंतीवर थाप मारून, "हाड हाय काय?" मी दांडेलीच्या कॉलेजातून मित्राला घरी आणलं, तर त्याच्याही पाठीवर थाप.

पाहुण्यांच्या मोटारीला तसल्या पट्ट्या नव्हत्या. वरचा पत्राच खाली वळवून सांगाडा केलेला. अप्पा बाहेर आले ते खिन्न चेहऱ्यानं.

"खेकड्याची जात, कुर्ली हाय रे ही. सगळं वरनं कवच. आत हाडच न्हाई."

मी भीत भीत म्हणालो, "पण अप्पा, कुर्लीपण चालतेच की."

"चालते की. पण आडवी!"



तसेच चिखलानं भरलेले ते पाहुण्यांसमोर येऊन बसले. मुलगा, म्हणजे प्रकाश, काय शिकला, पगार किती, काही विचारलं नाही.

"गाडी कुणी पसंत केली?"

"मीच, मामा," प्रकाश नम्रपणे म्हणाला. "आत बसलं की धक्का जाणवत नाही."

"धक्का जाणवाय पायजे! न्हाईतर खाली रस्ता हाय का न्हाई, कसं कळायचं?"

पाहुणे "कळवतो" म्हणून उठले. त्यांनी होकार कळवला. अप्पा मात्र नाही म्हणाले.

"बाबा, मी माणूस बघू, का त्याची चेसी?" सुनंदाक्का कडाडली.

"पावसात ही गाडी वढा उतरायची न्हाई. मग तू येनार कशी?"

"एष्टी हाय की."

"एष्टी रामनगरापातूर. फुडं?"

ती उठून आत गेली. तिची आई ती लहान असतानाच गेलेली. घरात दोघंच. नंतर बरेच दिवस ती अप्पांशी बोलली नाही. अप्पा जीपशी बोलायला लागले. बॉनेट उघडून तासन्‌तास काहीतरी सांगत बसायचे.

आमच्या वाडीत कॉलेजात गेलेला मी पहिलाच, म्हणून दोघंही वेगवेगळे माझ्याकडे आले. "तू शिकतोस. तू सांग." मी आमच्या भौतिकशास्त्राच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, हलकी गाडीही बरोबर आणि जड गाडीही बरोबर, कुठं न्यायची त्यावर आहे. मी तेच येऊन दोघांना सांगितलं. दोघंही माझ्यावर चिडले.

आणि मग एका सकाळी अप्पाच म्हणाले, "व्हय म्हणून कळवा त्यांस्नी." का, ते मला कळलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

लग्न मे महिन्यात झालं. ओढ्याला घोट्याएवढं पाणी. सकाळी पांढरी मोटार ते पाणी तुडवत थेट दारात आली. अप्पांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पाठवणीच्या वेळी ते रडले नाहीत. जीपमध्ये जाड दोर टाकला आणि मला म्हणाले, "बस. हायवेपातूर जाऊ. वाटंत लागंल."

मोटार पुढं, आम्ही मागं. ओढा जवळ आला तशी सुनंदाक्का मागच्या सीटवरून पुढं वाकून, गाडी चालवणाऱ्या प्रकाशला काहीतरी म्हणाली. मोटार पाण्यात उतरली आणि मधोमध थांबली.

प्रकाश नवे बूट घालूनच पाण्यात उतरला.

"मामा, अडकली."

मला वाटलं, आता अप्पा सगळं वसूल करणार.  पण अप्पांनी नुसती जीप बाजूनं पुढं काढली, दोर बांधला आणि अगदी हळू, दुधाची चरवी नेल्यासारखी, मोटार वर काढली. मी मागं वळून बघत होतो. मला कळेना. दोर ढिलाच होता. मधेच पाण्याला लागत होता. मोटार आपल्या आपण मागून येत होती.

दोर सोडायला अप्पा खाली उतरले. सुनंदाक्कानं काच खाली केली.

"बघितलंस न्हवं, बाबा? ह्या गाडीचं काय खरं न्हाई. पंचमीला तूच रामनगरात यायचं मला न्यायला. दोर घिऊन."

"येतो," अप्पा म्हणाले.

मोटार झाडांत दिसेनाशी झाली. अप्पा मांडीवर दोर घेऊन गुंडाळत बसले. मला राहवलं नाही.

"अप्पा, गाडी खरंच अडकली होती?"

"तू शिकल्याला. तू सांग."

 अप्पांनी दोर पुन्हा उलगडला, मधला ओला भाग धोतरानं पुसला आणि परत पहिल्यापासून गुंडाळायला घेतला.

"ताण आलाच न्हाई रे," ते म्हणाले. "जीपला कळतंय की."

मग मोटार गेली त्या रिकाम्या वाटेकडे बघत, स्वतःशीच बोलल्यासारखे हळूच म्हणाले, "हाड हाय दोघांस्नीबी."