निळ्या घरातून आरपार

इंग्रजी शब्दयोगी अव्ययांत आमच्या डोंगरात माझा हात धरणारा कोणी नाही! हे मी स्वतःच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही. बावीस वर्षं गावच्या शाळेत इंग्रजी शिकवतोय. माझी पोरं परीक्षेत चुकतात, पण काय ठसक्यात चुकतात!

त्यामुळे दिलमाया दिदीने घरी परदेशी पाहुणे ठेवायचं ठरवलं, तेव्हा बसथांब्यावर वाट सांगणारी पाटी लिहायचं काम माझ्याकडे आलं. दोन खोल्या बांधायला दिदीने दुभती म्हैस विकली होती. दशैं, म्हणजे आमचा नेपाळी दसरा, संपताच चार ऑस्ट्रेलियन येणार होते. पहिलेच!

वाट सोपी. नाचणीच्या शेताच्या कडेने जायचं, पुलावरून ओढा ओलांडायचा आणि वडीलधाऱ्या पौडेल बाजेंच्या निळ्या घरावरून पुढे गेलं की दिदीचं घर. आता 'घरावरून'ला 'ओव्हर' लिहिलं तर माणसं छपरावर चढतील, एवढं मला कळतं. मी 'थ्रू' लिहिलं.

दिदीची सून पोखऱ्याला शिकलेली. ती म्हणाली, "सर, तिथे 'पास्ट' हवं ना?"

"पास्ट म्हणजे भूतकाळ, पोरी! वाक्य वर्तमानात आहे!"

मी ओढ्याला 'इनटू' आणि शेताला 'अक्रॉस' लावून पाटी लाल रंगात रंगवली.

पाहुणे आले. ही माणसं पाटीवर भारी विश्वास ठेवतात हो! उभ्या नाचणीतून चौघं एका रांगेत निघाली. शेतवाला पूर्ण दाई, म्हणजे आमचा पूर्णदादा, कोयता घेऊन धावला, "अहो, बांध आहे की तिकडे!" त्यांनी हसून "नमस्ते" केलं. पुढे पूल लागला. त्यांनी पूल नीट पाहिला, त्याचा फोटो काढला आणि ती ओढ्यात उतरली.

नेमकं त्याच दिवशी बाजेंच्या मुलीला, अंबिकाला, पाहायला मुलाकडची मंडळी आलेली. चहा चाललेला. तेवढ्यात गुडघ्यापर्यंत भिजलेली, केसांत नाचणीची कणसं अडकलेली चार माणसं दारातून आत!

"नमस्ते!"

मुलाचे वडील उठून उभे राहिले. बाजेंनी लगबगीने गाद्या सरकवल्या. मग हळूच विचारलं, "तुमच्याकडचे का?"

"आमचे? आम्हाला वाटलं तुमचे!"

चौघं मात्र थांबली नाहीत. पाटीप्रमाणे त्यांना आरपार जायचं होतं आणि मागचं दार होतं स्वयंपाकघरात! बाजेंच्या आईचं स्वयंपाकघर ते. तिथे खुद्द बाजे आंघोळीशिवाय पाऊल टाकत नाहीत. आणि हे चिखलाच्या बुटांनी!

"कोण रे मेल्यांनो!" म्हातारीने पळी उगारली. सगळ्यात उंच पाहुण्याने तिला वाकून नमस्कार केला आणि वर येताना त्याचं डोकं शिंक्यातल्या दह्याच्या मडक्यावर आपटलं. दह्याने पांढराफटक होऊन तो मागच्या दाराने बाहेर पडला.

मग अंबिका फिस्सकन हसली. तिच्यामागून मुलगाही इतका हसला, की त्याच्या हातातला चहा बापाच्या टोपीवर सांडला! "पंचांग बघून कळवतो," एवढं बोलून मंडळी उठली.

संध्याकाळी बाजे आणि पूर्ण दाई दोघंही माझ्या अंगणात. "मास्तर, लग्न मोडलं तर तुम्हीच शोधा जावई!"

आठ दिवस मला अन्न गोड लागलं नाही. नवव्या दिवशी निरोप आला. मुलगा अडून बसला होता, लग्न करीन तर त्या हसणाऱ्या मुलीशीच! मंगसिरातला, म्हणजे मार्गशीर्षातला, मुहूर्त धरला.

म्हातारी मात्र विरघळली नाही. तिचं स्वयंपाकघर मी तीनदा सारवलं. दिदीने पाटी उपटून चुलीत घातली आणि पाहुण्यांना आणायचं काम कायमचं माझ्या गळ्यात टाकलं.

आता बस आली की मी पुढे होतो, हात हलवतो आणि एकच शब्द बोलतो, "कम!" त्याला शब्दयोगी अव्यय लागत नाही.