लडंबाळं कुणाचं?

मुख्य संपादकबाईंनी प्रतिस्पर्धी प्रकाशनाचा नवा शब्दकोश टेबलावर असा आपटला, की व्युत्पत्ती विभागाच्या साहेबांचा अर्धा चहा बशीत आला.

"पान सहाशे बारा," बाई म्हणाल्या. "वाचा."

साहेबांनी वाचलं. लडंबाळं : एकदा घातल्यामुळे कपाटात ठेवता येत नाहीत आणि धुवायलाही टाकवत नाहीत, अशा कपड्यांचा खुर्चीवरचा ढीग. साहेबांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

कोशवाल्यांची ही एक जुनी युक्ती. आपल्या कोशात एक खोटा शब्द पेरून ठेवायचा. तो कुणीच बोलत नाही, त्यामुळे दुसऱ्याच्या कोशात उगवला की चोर सापडला. चार वर्षांपूर्वी हे काम साहेबांकडे आलं आणि त्यांनी डोळे मिटून एका दमात लडंबाळं रचलं. वर त्याचं मूळ विणकरांच्या बोलीत आहे, अशी लोणकढी थापही ठोकून दिली.

"चोरांनी मूळ तेवढं बदललंय," साहेब हसले. "म्हणे, लहान मुलांच्या बोलीतून."

"पाच वाजता त्यांचे मालक येतायत. तोवर लेखी द्या, की शब्द तुम्ही बनवलाय आणि तो कुणाच्याही तोंडी नाही. महिनाअखेर मी निवृत्त होतेय. चोर पकडून दिलात की माझी खुर्ची तुमची."

अठरा वर्षं साहेब त्या खुर्चीकडे डोळे लावून बसले होते. त्यांनी लगेच बायकोला फोन लावला.

"अहो, एक मिनिट," बायको म्हणाली. "खुर्चीवरचं लडंबाळं उचलते, मग निवांत ऐकते."

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. "काय उचलतेस?"

"लडंबाळं. तुमचंच आहे. तीन शर्ट आणि ती चॉकलेटी पँट."

"हा शब्द तू आमच्या कोशात वाचलास ना?"

"तुमचा कोश कोण वाचतंय? लग्न झाल्यापासून बोलतेय मी. सासूबाईंकडून उचलला. आता आमच्या शाळेतल्या सगळ्या शिक्षिका बोलतात. तुम्ही घरी आल्यावर कान कुठे काढून ठेवता, कुणास ठाऊक."

शब्दांची मुळं खणण्यात हयात घालवलेला हा माणूस जेवणाचा डबा तसाच टाकून आईच्या घरी पळाला. आई चादरींच्या घड्या घालत होती.

"आई, लडंबाळं हा शब्द तुला कुणी शिकवला?"

"तूच की," आई म्हणाली. "दोन वर्षांचा होतास. बाबांच्या खुर्चीवरच्या कपड्यांत घुसायचास आणि लडंबाळं, लडंबाळं करत नाचायचास. मागे मी म्हटलंही, घाल हा तुझ्या पुस्तकात. तू मान वर न करता म्हणालास, घरगुती शब्दांना पुरावा नसतो."

"मग?"

"मग काय, त्या दुसऱ्या कोशवाल्यांना पाठवला. फार गोड उत्तर आलं हो त्यांचं."

साहेब चादरींवरच बसले. आता गप्प राहिलं तर खुर्ची पक्की. पण मग आई खोटी ठरणार. साहेबांना स्वतःचीच लाज वाटली आणि ते उठले.

पावणेपाचला त्यांनी बाईंना सगळं सांगून टाकलं. बाईंनी चष्मा काढला.

"म्हणजे आपला खोटा शब्द खरा, आणि चोर साव."

"हो."

"पुरावा?"

"आई, बायको आणि बायकोची शाळा."

"आणि शब्दाचं मूळ?"

"मी," साहेब पुटपुटले.

बाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. "मालकांना चहा पाजू आणि वाटेला लावू. चोर काही तुम्ही पकडला नाहीत. पण स्वतःचं मूळ सापडल्यावर दडवलंही नाहीत. कोशाला असाच माणूस लागतो. या, खुर्चीत बसून तर बघा."

साहेबांचे पाय जमिनीला लागेनात. पण खुर्चीवर बाईंचा स्वेटर, दोन ओढण्या आणि एक शाल पडली होती.

"थांबा," बाई म्हणाल्या, "आधी माझं हे लडंबाळं उचलते."

स्वेटर हातात धरून बाई तशाच उभ्या राहिल्या.

"बाई, तुम्ही हा शब्द कुठे ऐकलात?"

"आमची सून बोलते," बाई सावकाश म्हणाल्या. "शाळेत शिकवते ती."

साहेबांनी खिशातून नोंदीचं कार्ड काढलं आणि उभ्याउभ्याच पुढचा पुरावा लिहून घेतला.